गोल

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी
भिंती झाकायचं काम माझं.
तपकिरी कागदाचं भेंडोळं, चिकटपट्टी, शिडी.
नियम आहे : परीक्षेच्या खोलीत
भिंतीनं काहीही सुचवता कामा नये.

आधी पाढ्यांचा तक्ता गेला, मग विरामचिन्हं.
नकाशाची पाळी आली तेव्हा
हाल्व्हर्सनबाई म्हणाल्या, "तो राहू दे, ऑर्व्हिल.
नागरिकशास्त्राचं कोण विचारतंय त्यात?"
खरं होतं. वाचन विचारतात, गणित विचारतात.
नागरिकशास्त्र जानेवारीपासून
शुक्रवारी जेवणानंतरच्या वीस मिनिटांत कोंबलेलं,
बर्फ पडला की तेही रद्द.

पण नियम तो नियम.
मी मिसिसिपी झाकली, अख्खं आयोवा झाकलं,
आणि मुलांनी पेन्सिलीनं त्यात घुसवलेला तो रस्ता,
कत्तलखान्याच्या फाटकापासून शाळेपर्यंतचा,
जिथे आठवडाभर कुडकुडत
त्यांनी ट्रक मोजले होते.
मंगळवारी एकशे बारा.
गुरुवारी एकशे एकतीस,
त्यातला एक अब्दिरिझाकच्या दप्तराला घासून गेलेला.

नगरपरिषदेला पत्र गेलं : इथे सिग्नल हवा.
स्पेलिंगच्या चार चुका,
आकडेमोडीत एकही नाही.
बैठक नेमकी बुधवारी रात्री, पेपर गुरुवारी सकाळी.
ऑफिसातून घरोघरी चिठ्ठी : मुलांना लवकर झोपवा.

तरी सात जण आले.
एह पॉ माइकपर्यंत पोचेना,
मी पाठीमागून एक खोकं सरकवलं.
तिनं वार लावून आकडे वाचले.
पाचही सभासदांनी टाळ्या वाजवल्या,
केवढी गोड मुलं म्हणाले,
आणि विषय पुढे ढकलला.
ती खोक्यावरून उतरलीच नाही.
"माझे आकडे इतिवृत्तात लिहिलेत का?"
तेव्हा कुठे कारकुनानं पेनाचं टोपण काढलं.

निकाल ऑगस्टमध्ये आला.
शाळा : अपेक्षेपेक्षा खाली.
एह पॉ : अपेक्षेपेक्षा बरीच खाली.
खोक्यावरून न उतरण्याला रकाना नव्हता.
हाल्व्हर्सनबाईंनी कागद घडी घालून
पर्समध्ये ठेवला, वाण्याच्या बिलासारखा.

नोव्हेंबरात मी त्याच व्यायामशाळेत
तीच घडीची टेबलं मांडली,
मध्ये तेच पुठ्ठ्याचे आडोसे,
शेजाऱ्याचं दिसू नये म्हणून.
कागदावर तसेच गोल.
तशीच सूचना : पूर्ण काळा करा, रेघेबाहेर जाऊ नका.
त्या पाचांपैकी तिघांची नावं त्यावर होती.

एह पॉची आई रात्रपाळी संपवून तशीच आली,
बुटांना अजून ब्लीचचा वास.
जूनमध्ये डे मॉइनला जाऊन तिनं शपथ घेतली होती,
हे तिचं पहिलं मत.
खूप वेळ ती कागदाकडे बघत राहिली.
मग लेकीच्या कानात काही बोलली.
लेक माझ्याकडे वळली :
"आई विचारतेय, बरोबर गोल कुठला?"

मी तिथे फक्त हीटरवर लक्ष ठेवायला होतो.
तोंड उघडलं होतं, खरं सांगतो.
तिघांपैकी कोण काय लायकीचा
हे झाडू मारणाऱ्याला नाही कळणार तर कुणाला?
पण इथेही नियम तोच,
आणि त्या दिवशी भिंत मी होतो.
मी मान हलवली. नाही.

मग ती पोरगी आपल्या भाषेत
आईला काहीतरी सांगत राहिली,
बोटांवर मोजत, हातानं ट्रक वळवून दाखवत.
मला एक शब्द कळला नाही.
आई परत आडोशामागे गेली.
वीस मिनिटं. पंचवीस.
वेळ संपली, असं कुणी म्हणालं नाही.

सिग्नल अजून नाही.
दुपारी तीनला लाल पाटी घेऊन
कोपऱ्यावर मीच उभा राहतो.
नकाशाच्या एका कोपऱ्याला तो कागद अजून चिकटलेला आहे,
काढायचा राहून गेलाय.
आता चौथीतलं एक पोर माझ्या शेजारी
वही घेऊन उभं असतं, नाक पुसत.
काल एकशे चव्वेचाळीस.