साडेबावीस आटे

आमच्या पेठेचा व्हॉल्व्ह साडेबावीस आट्यांत उघडतो.
शेवटचा अर्धा आटा विडीवाल्यांच्या चाळीसाठी.
तो मी कितीदा तरी गिळलाय, खोटं कशाला बोलू,
थंडीत लोखंडी चावी हाताला चावते.

एकोणीस वर्षं महापालिकेची चावी खांद्यावर.
शरणू हे नाव फक्त पगारपत्रकात.
रस्त्यात मी म्हणजे पाणीच:
"नीळ्ळू वच्चिनया?" "नीर बंतेन?"
"पानी कब छोडते, चाचा?"
"येणाराय का नाही, ते तरी सांग की बे."
चार भाषांत एकच प्रश्न,
आणि उत्तर पाचव्या दिवशी.

अनुसूया कुडक्याल निवडून आल्या तेव्हा
पेठेत गुलालापेक्षा शंका जास्त उडाली.
आईच्या मांडीशी विड्या वळत वाढलेली बाई;
सभेत बोलतानाही अंगठा तर्जनीवर फिरायचा,
नसलेलं पान गुंडाळत.

एका रात्री अडीचला आल्या, साडीवर स्वेटर, एकट्याच.
"आधी पाणी कुणाकडं जातं?"
"तुमच्याकडंच की, अक्का."
मला वाटलं, खूश होतील.
झाकणाशी उभ्या राहिल्या, तेलुगूत आटे मोजत.
बावीसला मी चावी काढली.
"अर्धा कुठंय?"

अर्ध्याचा हिशोब तोवर कुणी मागितला नव्हता.

चौकात कमान व्हायची होती.
त्यांच्याच सासऱ्यांच्या नावाची, दगडी, वर दोन मोर.
निधी मंजूर, पेंटरला इसारही दिलेला.
त्या पैशातून दुसरा व्हॉल्व्ह आला
आणि पाळी उलटी झाली:
आधी चाळ, मग तळाची गल्ली, मग मशिदीमागची,
टाकीशेजारची घरं शेवटी.
वेळ संध्याकाळी पाचची.
ठेकेदार म्हणाला, झाकणावर नाव टाकू का तुमचं?
"लोक पाय देऊन जातात त्यावर. राहू दे."

दिराचं बोलणं बंद झालं.
टॉवेलवाले चिलवेरी शेठ बंगल्यातून खाली आले,
हात जोडून म्हणाले, मतं आम्हीपण देतो, वहिनी.
एका सकाळी दारात अकरा रिकाम्या घागरी, आडव्या.
त्यांनी त्या उभ्या करून ठेवल्या, इतकंच.
आणि चाळीनं हार घातला म्हणता?
नरसुबाई सुपावरून मान वर न करता म्हणाली,
"पाचला पाणी भरायचं, तर हजार विड्या कधी व्हायच्या माझ्या?
रात्रीचंच बरं होतं."
त्यावर अनुसूयाबाई हसल्या. बसल्या.
तिच्या सुपातली पानं ओढून घेतली,
आणि नळ वाहीपर्यंत
दोघी काही न बोलता वळत राहिल्या.

मग मुदत संपली. निवडणूक लांबली, प्रशासक आले.
दारावरच्या पाटीत पेंटरनं 'माजी' कसंबसं बसवलं,
उभं, बारीक, रिक्षाच्या मागे तिसरा माणूस बसवावा तसं.
लोक ते वाचत नाहीत.
तुंबलेलं गटार, रेशनचा अंगठा, पोराचा दाखला
अजून त्याच पायरीवर येतात.
"माझ्या हातात आता काही नाही," त्या म्हणतात,
आणि चप्पल घालतात.

मागच्या महिन्यात फोन आला मला.
कुणाचा, ते नको.
"पाळी पहिल्यासारखी कर."
"कागद?"
"कागदाचं काय काम?"
मी म्हटलं, साहेब, आवाज तुटूलालाय,
आणि फोन खिशात टाकला.
किती दिवस तुटेल, माहीत नाही.
रिटायर व्हायला चौदा महिने आहेत.

आज पाचवा दिवस.
चाळीतली पोरं पाइप घेऊन भांडूलालीत,
कुठंतरी पहिली बादली वाजली.
तिकडं टाकीच्या सावलीत
अनुसूयाबाई स्वतःच्या कोरड्या नळाखाली
कळशी लावून उभ्या आहेत, शेवटच्या.
"आलं का, अक्का?" मी लांबूनच विचारतो.
"फूस्स करूलालंय अजून."
त्यांचा अंगठा तर्जनीवर फिरतोय.
मी पुन्हा वाकतो.
बावीस झाले.