सोळा भाज्यांचा श्वास

उपकेंद्राच्या पत्र्याखाली, लसीकरणाच्या खाटेशेजारी
सतरंजी अंथरून निकिता उईके सांगते,
चार मोजत श्वास आत घ्या,
सहा मोजत सोडा,
मधे काही आठवलं तर येऊ द्या, जाऊ द्या,
गाडी आली की गाय होते तशा बाजूला व्हा.
आम्ही नऊ जणी. गाय म्हटल्यावर हसलो.
आमच्या रस्त्यावरची गाय बाजूला होतच नाही.

महालक्ष्म्यांना चार दिवस उरले होते.
मी डोळे मिटले आणि मोजायला लागले:
एक, भेंडी
दोन, दोडके
तीन, कारले
चार, पडवळ कुठून आणू?
श्वास आतच राहिला.
आर्वीच्या बाजारात पडवळ नव्हतं.
पुलगावला होतं म्हणे, पण वाळल्या सापासारखं.

जेवणाच्या दिवशी पहाटे तीनला चूल.
सोवळ्याचं ओलं लुगडं पोटरीला चिकटलेलं,
पुरणयंत्राची दांडी हातात आलेली,
वर टांगलेल्या फुलोऱ्यातली एक करंजी खाली.
‘आणखी दोघं येऊन राहिले’
हे वाक्य आमच्या घरात दर अर्ध्या तासाला जन्मतं
आणि दोघांचे नेहमी सात होतात.
धाकटी जाऊ वैजयंता बुटीबोरीहून आलेली,
संक्रांतीपासून माझ्याशी अबोला,
एका पितळी गंजावरून.
ती भिंतीला विचारते, कढीत मीठ पाहिलं का कोणी?
मी भिंतीला सांगते, पाहिलं.

दुपारी दोनला माझ्या कानात घुंगुर वाजायला लागले.
आंबील तशीच सोडून मागच्या खोलीत गेले,
तुरीची पोती, फवारणीचा पंप,
मधे एका बाईपुरती जागा.
पडले. तळवे आढ्याकडे.
अंगठ्याला म्हटलं, जा, तुला सुट्टी.
गुडघे गेले.
कंबर ऐकेना, तिला दोनदा सांगावं लागलं.
खांद्यांपाशी पोचले तर दार उघडलं
आणि ऋद्धीची किंकाळी पार पंगतीपर्यंत:
‘मोठी आई मेली!’

सत्तावीस घास हवेत.
बँकेच्या साहेबाला ठसका.
मी डोळे न उघडता म्हटलं,
‘मेली नाही वं, श्वास सोडून राहिली.’
त्यानं तर रडारडच सुरू झाली.

सगळे येऊन, पाहून, पाणी शिंपडून गेले.
वैजयंता राहिली.
तिनं दार लावलं. आतून.
‘सरका थोड्या.’
पदराला हळद, हाताला कढीचा वास.
‘काय करा लागते याच्यात?’
‘काहीच नाही.’
‘थे त मले जमतच नाही.’
‘मलेबी नाही. चार मोज.’

आधी तिचा श्वास कुकरसारखा,
मग शिट्टी पडल्यावरच्या कुकरसारखा.
बाहेर कोणी पुरुष ओरडला, पळी कुठं आहे?
आम्ही दोघींनी ऐकलं.
दोघींना माहीत होतं पळी कुठं आहे.
काहीतरी पडलं, काहीतरी सांडलं,
वरणाआधी कढी गेली पानात,
जेवणारे जेवले.

मला त्या दोघी आठवल्या,
ज्येष्ठा आणि कनिष्ठा,
परवापर्यंत पेटीत कापसावर अशाच उताण्या,
नाक वर, शेजारी शेजारी.
मग आपण उचलतो, कोठीवर बसवतो, साडी नेसवतो,
तीन दिवस ताठ, पापणी न लववता.
दारापासून त्यांची कुंकवाची पावलं काढतो
आणि त्यांना पायच नसतात.

भाज्या पंधराच झाल्या.
कोणी मोजल्या नाहीत.

परवा बुटीबोरीहून फोन आला.
सहा मोजता मोजता झोप लागते, हे चालते का?
निकिताला विचारलं. म्हणाली, चालते.
गंजाचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही.
ठेवता ठेवता एवढंच म्हणाली,
दिवाळीले येतो.
पोते सरकवून ठेवजा.