सत्तावीसचं पान

चाळीसगाव सुटलं आणि हेमांगीने खिडकी उघडली.
जीपमध्ये आम्ही चौघी, वयं मिळून एकशे ऐंशी,
चारूच्या मांडीवर कळण्याच्या भाकरींचा डबा,
नीलोफरच्या हातात ठेच्याची बरणी.
"सांडली तर मला बोलायचं नाही,"
हे ती पाचोऱ्यापासून बजावत होती.

पाटणादेवीचं दर्शन झालं. पायऱ्यांवर फोटो झाले.
केदारकुंडाकडे निघालो,
पुढे वाटाड्या सोपान, यत्ता सातवी,
पायात मोठ्या भावाच्या चपला.

आणि वळणावर, करवंदीच्या जाळीवर चढून बसलेलं
ते.

तेच.
पाकळ्या सगळ्या मागे वळलेल्या,
पळत्या माणसाच्या हातातल्या पलित्यासारख्या.

सावद्याच्या शाळेत, वाचनपेटीत,
पुठ्ठा निघालेलं एक गोष्टींचं पुस्तक होतं.
त्यात रानात वाट चुकलेली मुलगी
आणि तिच्या हातात, दिव्याऐवजी, हे.
छापताना लाल रंग जरा सरकला होता,
खालच्या पिवळ्याची कड उघडी पडली होती.
मी समजायचे, छापखान्याची चूक.
आणि असलं फूल असतं कुठे?
आमच्याकडे फूल म्हणजे केळफूल,
जड, जांभळं, भाजीचं.

आज बघते तर छापखाना निर्दोष.
रंग फुलातच सरकलेला आहे.

माझा हात पुढे गेला तसा सोपान ओरडला,
"हात नका लावा मावशी, कळलावी शे ती!
घरमा लई गयात ते भांडन लागस."
हेमांगी हसली,
"आमच्यात आता कुठलं भांडण राहिलंय, बाळा?"

राहिलं होतं एक.

सत्तावीसचं पान मी फाडलं, चारू.
पुस्तक मी परत दिलं, मग तू नेलंस,
आणि पुढच्या सोमवारी बाईंनी पानं मोजली.
तुझ्या तळहातावर पट्टी वाजत होती
आणि मी पुढच्या बाकावर सतराचा पाढा लिहीत होते,
सतरा चोक अडुसष्ट,
सतरा चोक अडुसष्ट.

हे मनात म्हटलं की तोंडाने, कळलं नाही.
नीलोफरने बरणी खाली ठेवली,
म्हणजे तोंडानेच असणार.

चारू वेलीकडे बघत होती.
तिच्या पानांच्या टोकांना आकडे असतात,
शेजारच्या काटकीचं बोट धरायला.
त्यातला एक तिने नखाने सोडवला,
पुन्हा होता तिथे लावून दिला.
"माहीत होतं," म्हणाली.
"तुझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं
पाहिलं होतं मी, भोंडल्याला आले तेव्हा.
पण पुढे काय झालं गं त्या मुलीचं?
माझ्या पुस्तकात सव्वीसनंतर एकदम एकोणतीस.
ती अंधारात उभी होती,
आणि पान उलटलं तर कुणा राजाचं लग्न."

मी तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.
गोष्ट संपत होती अठ्ठावीसवर.
अठ्ठावीसला मी कणकेची खळ फासली
आणि लाकडाला चिकटवलं, न वाचता.
मला चित्र हवं होतं.
ती घरी पोचली का, हे त्या दारालाच ठाऊक,
आणि कपाट आईने कधीच विकलं.

"म्हणजे तुलाही माहीत नाही?"
आता मात्र चारू चिडली, खरीच चिडली,
पस्तीस वर्षांची एकदम.
मार तिला चालला होता.
हे नाही चाललं.

"सांगेल व्हतं," सोपान म्हणाला.

कुंडापाशी डबा उघडला तरी ती बोलेना.
शेवटी नीलोफरनेच त्याला विचारलं,
हे फूल हातात घेऊन एक पोर रानात चुकली,
पुढे काय झालं असेल?
त्याने भाकरीचा तुकडा खाली ठेवून विचार केला.
"तिले सांगा, पह्यले हात धुय.
जहर ऱ्हास त्यामा."

वेलीला हात लागला होता फक्त चारूचा.
धुतले चौघींनी.