अकरावं शिष्टमंडळ

विमानतळावर चौघं उतरली: दोन खासदार, एक सल्लागार,
आणि बॅगा मोजायचं काम असलेली एक तरुण बाई.
मी पाटी धरून उभा. नाव सांगितलं, तोलोमुश.
"टॉम म्हटलं तर चालेल?"
म्हणा.

कचेरीच्या वहीत लिहिलंय:
वस्तुस्थिती जाणून घेण्यासाठी दौरा.
वस्तुस्थिती इथून सहा तासांवर आहे,
दोन खिंडी ओलांडून,
शेवटचा पेट्रोलपंप मागे पडला की.

वाटेत मी नेहमीचं सांगतो.
युरेनियमची खाण कधी उघडली, कधी मिटली,
तेव्हा दुकानात थेट मॉस्कोचं सॉसेज कसं यायचं,
आणि समोर जी टेकडी दिसतेय ती टेकडी नाही,
खाणीचा गाळ आहे.
त्यावर गवत छान येतं.
हे वाक्य मी इतक्यांदा इकडून तिकडे नेलंय
की आता ते कुठल्याच भाषेतलं वाटत नाही.

कुंपणाचे पाइप लोकांनी केव्हाच भंगारात घातले.
पिवळी पाटी तेवढी उरली,
गंजक्या पत्र्याला भाव नाही म्हणून.
पाहुण्यांनी बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या.
यंत्र टिकटिकलं, मग घाईघाईनं टिकटिकलं.
सल्लागारानं आकडा लिहून खाली दोन रेघा ओढल्या.
पलीकडे एक गाय
शेपटीनं माश्या वारत
त्या आकड्यावरच चरत होती.

मग झूराकान आजीचं घर. ते दौऱ्यात असतंच.
'स्थानिक कुटुंबाशी संवाद, चाळीस मिनिटं.'
ती पहाटेपासून बोरसोक तळत बसलेली.
दस्तरखानावर साय, रासबेरीचा मुरंबा,
किटलीत नदीच्या पाण्याचा चहा,
भिंतीवर खाणीचं हेल्मेट घातलेला नवरा,
फोटोतही खोकला दाबून धरल्यासारखा.

गाडीत शिकवल्याप्रमाणे चौघांनी छातीवर हात ठेवला.
कप उचलले.
दहा वेळा पाहिलंय मी हे:
ओठ टेकतात, घोट उतरत नाही.
बोरसोक हातात फिरत राहतो,
जणू त्याची खरी बाजू सापडत नाहीये.

यंत्र चुलीपाशी गेलं, उंबऱ्याशी वाकलं,
मग आढ्याकडे वर झालं.
खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात.
यांनी निदान खाल्लं तरी नव्हतं.

"पाणी कुठून आणता?"
नदीवरून.
"तक्रार केलीत?"
केली की.
"कुणाकडे?"
आजीनं माझ्याकडे बोट दाखवलं.
मी भाषांतर केलं: "संबंधित अधिकाऱ्यांकडे."

अंगणात फोटो झाले, नमद्याच्या टोप्या डोक्यावर चढल्या,
थोरल्या खासदारांना ती घट्ट होत होती
तरी त्यांनी ती गाडीपर्यंत काढली नाही. माणूस वाईट नव्हता.
त्यांची छत्री आत राहिली म्हणून मी परत गेलो.

आजी कप बादलीत रिकामे करत होती.
"वासराच्या कोंड्यात कालवते," म्हणाली.
एक. दोन. तीन. चार.
पाचवाही काठोकाठ होता.

मी छत्री शोधू लागलो, जी समोरच होती.
"तुझ्या पोटाचं दुखणं, तोलोमुश," ती म्हणाली,
"अकरा वेळा ऐकलं.
एकदा डॉक्टरला दाखव बाबा."
आणि माझा कपही
बाकीच्यांसारखाच, न हिंदकळता, ओतला.

अहवाल वसंतात आला. चौऱ्याण्णव पानं.
तिच्या नावातला एक स्वर गळालेला.
पान एकसष्टवर तिचं घर.
तिला वाचून दाखवायचं काम माझ्याकडेच आलं:
'कुटुंबानं मनापासून आदरातिथ्य केलं.
चहा उत्कृष्ट होता.'

ती कणीक मळत होती, हात थांबला नाही.
"कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

मी पान उलटलं.
पुढच्या पानावर नकाशा होता.