गाडी जागेवर

कुंपणापलीकडं वारुंजीच्या बाजूला
ऊस पेटला, दुपारी पावणेतीनला.
आभाळात एकच विमान,
आत एकोणीस वर्षांची पोरगी, पहिल्यांदाच एकटी.

नियम भिंतीवर लावलाय, काचेत:
विमान हवेत असेल तोवर
बंब धावपट्टी सोडणार नाही.
गेल्या महिन्यात तपासनीस आले होते, स्टॉपवॉच घेऊन.
आम्हाला लागली दोन मिनिटं चाळीस.
फोमच्या डब्यावरची तारीखसुद्धा
चष्मा पुसून वाचली त्यांनी.

बाबालाल मुलाणी स्टेअरिंगवर,
इंजिन चालू, टाकी काठोकाठ.
पेटलेला फड त्याच्या साडूचा.
डॅशबोर्डवर फोन थरथरत, सरकत सरकत
कडेला आला नि पायाशी पडला.
त्यानं उचलला नाही.
मी समोर बघत राहिलो.

जळकं पाचट उडून येत होतं, हलकं,
बॉनेटवर बसत होतं, कावळ्याच्या पिसासारखं.

पोरगी उतरायला आली,
धूर बघून परत वर गेली.
अजून एक फेरी.
बरोबरच केलं तिनं. तिला तसंच शिकवलंय.

चाकं टेकली तेव्हा तीन वाजून नऊ.
ती टॅक्सी-वेवर वळली, टॉवरनं सोडलं,
आणि बाबालालनं गाडी अशी काढली
की माझं हेल्मेट मागं राहिलं.
विझवायला बांध तेवढा उरला होता.
आम्ही बांध विझवला.

संध्याकाळी रजिस्टर.
विमान अपघात: निरंक.
पाणी: नऊशे लिटर, हद्दीबाहेर, परवानगीनं.
पोचायला लागलेला वेळ:
एक मिनिट पन्नास.

बाबालालनं वाचलं, सही केली,
आणि विचारलं,
पोरगी घाबरली नव्हती ना?