कशाचातरी

बिस्किटांच्या चौकोनी डब्यावर अप्पांच्या हातचं,
निळ्या ऑईलपेंटचं:
कशाचातरी.

बाकीच्या डब्यांना रीतसर नावं आहेत.
पाव इंची, अर्धा इंची, वायसर, कार्बन ब्रश,
एकावर नुसतंच ‘लोखंडी, चांगले’.
पण सगळ्यांत जड हाच.

फॅन उघडा, पुसा, तेल घाला, जोडा.
फॅन फिरतो
आणि फरशीवर एक स्क्रू उरतो.
‘हा कशाचा हो?’ आई विचारायची.
‘कशाचातरी,’ म्हणत अप्पा तो डब्यात टाकायचे.
‘फॅन फिरूलालाय न्हवं? मग?’

तीस वर्षं उद्यमबागेत लेथवर.
केसाच्या दहाव्या भागाचा हिशेब तिकडं;
घरी सगळं अंदाजपंचे.
गळक्या नळात सायकलच्या ट्यूबची चकती,
खुर्चीच्या चौथ्या पायाला इंजेक्शनच्या बाटलीचं बूच.
वडगावातले माग किलोवर गेले तेव्हा
शट्टुप्पाकाका पाच धोटे पिशवीत घालून आले,
म्हणाले, ‘बघ कायतरी होतंय का.’
एकाची परसदाराला कडी झाली,
एक कापून कुकरला मूठ,
एकात आईच्या सुया.
दोन अजून माळ्यावर आहेत.
काय व्हायचंय त्यांचं, त्यांनाच ठाऊक.

दुकानाची पाटी बदलायची नोटीस आली
तेव्हा पेंटरही तोच होता, निळाही तोच.
कानडी पाटी वर चढली.
जुनी अप्पांनी गुडघ्यावर धरून वाकवली,
बोअरच्या मोटरीवर छप्पर केलं,
अक्षरं आतल्या बाजूला.
‘रंग टिकतो तेवढाच,’ एवढंच म्हणाले.
मोटर लावायला वाकलं की अजून वाचता येतं:
लुमाण्णा रिपेअरिंग, येथे मिक्सर, इस्त्री, पं
पुढचं घडीत गेलंय.

काल गंगव्वा आली, पदराखाली मिक्सर,
तापलेलं लेकरू आणावं तसा.
‘स्वल्प नोड, तंगी.’
आता मला कुठलं बघता येतंय?
मी आपली पाना देणारी.
‘दहाचा’ म्हटलं की दहाचा,
‘तो नव्हे ग’ म्हटलं की बाराचा.
पण तिनं मिक्सर ठेवला, पाट ओढला
आणि बसली.

चार स्क्रू. खालचं झाकण.
आत वाळलेल्या चटणीचे थर, कुठल्या कुठल्या सणांचे.
मोटर चांगली.
वरच्या कपलिंगचे दात तेवढे गेलेले.
अर्धा तास मी ती डावीकडं पिळत होते,
ती आणखीच आवळत गेली.
मग आठवलं, अप्पा शिवी हासडून उजवीकडं फिरवायचे.
उलटे आटे.
शिवीसकट फिरवली, सुटली.

डबा फरशीवर उपडा केला.
रेडिओचं बटण, इस्त्रीचा अर्धा दिवा,
माझ्या तीनचाकीची घंटा (ही हरवली म्हणून
मी दोन दिवस जेवले नव्हते),
किल्ल्या, ज्यांची कुलपं कधीच भंगारात गेली,
आणि तळाशी एक लाल कपलिंग.
थोडी सैल. दोऱ्याचे दोन वेढे दिले.

‘आत?’ गंगव्वानं विचारलं.
तिच्या भाषेत म्हणजे, झालं का.
मी अजून आतच बघत होते.
‘आत,’ म्हटलं,
आणि बटण दाबलं.
गल्लीतलं कुत्रं भुंकत सुटलं.

ती गेल्यावर झाडू मारताना
पाटाखाली एक वायसर सापडला.
नवा, चकचकीत, आपला नव्हेच.
माझ्या पोटात गोळा.
चप्पल पायात घातली, दारापर्यंत गेले.
भिंतीपलीकडं शेंगाचटणी वाटली जात होती,
थांबत, पुन्हा घुरघुरत.

आईनं वायसर माझ्या हातातून घेतला,
उजेडात धरून बघितला,
डब्यात टाकला.
‘फिरूलालाय न्हवं?’ म्हणाली.