साबण लागला की

सव्वानऊला फोन : काटा बंद.
म्हणजे काटा चालू, आकडा दिसतोय,
पण आकडा वहीत उतरवणारा प्रोग्रॅम
रात्रीत गायब.
सांगली मार्केट यार्ड, चौगुल्यांची अडत,
दाराशी राजापुरी हळदीची थप्पी,
साडेदहाला सौदा.
मी गाडी काढली, डबा ओट्यावरच राहिला.

पडद्यावर लाल चौकट :
धोका आढळला. फाईल विलगीकरणात.
खाली गुन्हेगाराचं नाव – जेनेरिक.
म्हणजे नेमका कोण ते ठाऊक नाही,
पण असल्यांतलाच दिसतोय.

"बंद करून टाका की ते अँटिव्हायरस,"
शीतल चौगुले म्हणाला,
"आमचंच कुत्रं आमालाच चावतंय."
भुंकणाऱ्याचं तोंड बांधू नये, म्हटलं.
कुणावर भुंकलं ते आधी बघू द्या.
त्या दिवशीचा सौदा हातानं लिहिला गेला,
पिवळ्या बोटांनी, कार्बन घालून.

फाईल पासष्ट तपासनिसांपुढे ठेवली.
एकसष्ट गप्प. चौघांनी बोट दाखवलं.
चौघांतल्या तिघांच्या पोटात इंजिन एकच निघालं –
तोंडं तीन, कान एक.
तरी दोन म्हणजे शून्य नव्हे.

लहानपणी आमच्या चाळीत
हळदीच्या पेठेतले हमाल राहायचे.
त्यांतल्या एकाची नवी बायको, सुलभा, कोकणातली.
पहिल्यांदाच त्याचा सदरा धुवायला घेतला,
साबण लावला,
आणि मोरीत पाणी लालभडक.
तिच्या किंकाळीनं सगळ्या बाया गोळा.
"अगं रगात न्हवं, हळद हाय ती.
साबण लागला की लाल हुती."
बाया हसल्या. सुलभा हसली नाही.
सदरा उलटा करून एकेक शिवण पाहिली,
आणि दुपारी नवरा आल्यावर
त्याची पाठही.

मिरजेला भूपाल मगदूम.
याच अडतीत मुनीम होते,
चाळिशीनंतर रात्रीच्या क्लासला बसून
दोन हजार सहा साली प्रोग्रॅम लिहिला.
फोनवर बराच वेळ नुसता श्वास.
मग : "माझ्यात व्हायरस?"
तुमच्यात नाही काका, फाईलवर संशय आहे.
"तेच की."

संध्याकाळी त्यांनी जुनी सीडी काढून दिली,
स्केचपेननं तारीख घातलेली.
सीडीवरची फाईल, अडतीतली फाईल,
दोन्हींचे ठसे शेजारी लावले.
चौसष्ट अक्षरं. एकही हललं नव्हतं.
पण सीडी जाळली तेव्हाच कीड असेल तर?
मगदूमकाकांसमोर हे बोलायला जीभ रेटेना.
तरी बोलले.
त्यांनी चष्मा पुसला, म्हणाले,
"दर सेकंदाला त्यो पोर्टातनं आत डोकावतोय.
चोरागत दिसत आसंल.
पण काटा वाचायचा तर
वाकायलाच लागतंय न्हवं?"

घरी एक म्हातारा संगणक आहे, नेट नसलेला.
त्याच्यावर रात्रभर फाईल चालवली,
कुठे जाते, काय उघडते, टिपत बसले.
काट्याचं दार आणि वही.
तिसरीकडे कुठेच नाही.

मग सूट दिली, तीही त्या एका फाईलला.
शीतल म्हणत होता सगळा फोल्डरच सोडा,
पण एका पाहुण्यासाठी
वाड्याचं कुलूप काढत नाहीत.
नमुना कंपनीला पाठवला, सोबत चार ओळी :
हा हळद मोजतो. बाकी काही करत नाही.

अकराव्या दिवशी उत्तर आलं.
चुकीची ओळख, पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त.
माफी नव्हती. त्या तिघांची बोटं
एकदमच खाली आली.

कागद छापून मिरजेला नेला.
मगदूमकाकांनी दोनदा वाचला,
घडी करून पंचांगात ठेवला.
"आणि चौथा?"
तो अजून बोट दाखवतोय, काका.
त्यांनी मान हलवली,
बराच वेळ हलवत राहिले.
"मग बघत ऱ्हा," म्हणाले,
"त्याच्यावरबी. माझ्यावरबी."